पाणी देणाऱ्यांचा पहिला हक्क

किनाऱ्यावरच्या शहरांना नवे रूप देण्याच्या प्रत्येक आराखड्यात ‘माणूस केंद्रस्थानी’ असल्याची ग्वाही असते. मुंबईत तिचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. त्या जमिनींचे तीन वाटे करून शहराला आणि घरांना हिस्सा देण्याचा नियम 1991 मध्ये झाला, 2001 मध्ये तो पातळ करण्यात आला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा बदल टिकला आणि गिरणगावात मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांचे हजारो वारस मात्र अजून घराच्या सोडतीकडे डोळे लावून बसले आहेत. पण ‘माणूस’ म्हणजे कोण, हा प्रश्न गिरणगावात संपत नाही. समुद्राकाठचे शहर जगते ते आतल्या मुलखाच्या पाण्यावर, भाजीपाल्यावर आणि मजुरीवर. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले, वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा पालघरकडे गेला. ग्रामीण ठाण्याकडे शहापूर आणि मुरबाडची धरणे, जंगल आणि घाट राहिले. किनाऱ्याच्या पुनरुज्जीवनाचा हिशेब तपासायचा तर तो या दोन तालुक्यांत तपासला पाहिजे.

तानसा तलाव 1892 चा. वैतरणेवरचा मोडकसागर 1957 चा. त्यानंतर भातसा आले आणि आज मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातले जवळपास निम्मे पाणी एकट्या भातशाचे असते. हे पाणी नदीतून खाली वाहत पिसे येथे पोहोचते, तिथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि महानगराच्या नळाला येते. याच शहापूर तालुक्यातल्या गावांना आणि पाड्यांना दरवर्षी उन्हाळ्यात टँकर लागतात. पाऊस इथे कमी नाही, पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो. वस्त्या उंचावर आहेत, साठा खाली दरीत आहे आणि पाणी वर चढवायचे तर विजेचे बिल भरण्याची ताकद लहान ग्रामपंचायतीत नसते. नळयोजना होते, मोटार जळते, थकबाकीपोटी वीज तुटते आणि फेब्रुवारीपासून बायका पुन्हा विहिरीच्या तळाशी उतरतात. हा निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही. मुंबईसाठी शंभर किलोमीटरची व्यवस्था उभी करणाऱ्या राज्याला पाच किलोमीटरवरच्या पाड्यासाठी ती उभी करावीशी वाटली नाही, एवढाच याचा अर्थ आहे. भातसा प्रकल्प सिंचनासाठीही होता, पण कालव्यांची कामे अर्धवट राहिली. भात कापल्यावर जिथे पाणी मिळते तिथे भेंडी, काकडी होते आणि घर गावात टिकते. जिथे मिळत नाही तिथली कातकरी आणि ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात आणि शाळेच्या पटावरची नावे पटावरच राहतात.

यावर पहिला आक्षेप मुंबईच्या तहानेचा आहे. महानगरातल्या सव्वा कोटी माणसांचे पाणी तोडायचे काय? तोडा असे कोणीही म्हणत नाही आणि म्हणूही नये. धारावीतल्या आणि मानखुर्दमधल्या हंड्यालाही हेच पाणी लागते. मुंबईला रोज पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. शहापूरच्या सगळ्या पाड्यांची पिण्याची गरज त्यापुढे इतकी थोडी आहे की तिने शहराचा एक तासही कोरडा जाणार नाही. इगतपुरीकडच्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणण्याची योजना याच गरजेपोटी निघाली. ती रास्त आहे आणि वेगाने पुरी झाली पाहिजे. तरीही आपल्या अंगणातली धरणे सोडून दुसऱ्या जिल्ह्यातले पाणी का आणावे लागते, याचे उत्तर शासनाने दिलेले नाही. मुरबाडच्या बारवी धरणाने दुसरी वाट दाखवली आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाची उंची वाढली तेव्हा बुडीत गावांतल्या लोकांनी नेट धरला आणि शेवटी प्रकल्पग्रस्त कुटुंबांतल्या व्यक्तींना महामंडळात आणि बारवीचे पाणी घेणाऱ्या महापालिकांत नोकऱ्या देण्याचे ठरले. पाणी घेणाऱ्याने पाणी देणाऱ्याचे देणे मान्य केले. त्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले हे वाईटच, पण तत्त्व कागदावर आले. तेच तत्त्व तानसा आणि भातशाला का लागू नसावे?

तरीही नोकरी आणि नळ यांनी प्रश्न पुरा होत नाही. खरा प्रश्न ठरवण्याच्या अधिकाराचा आहे आणि तिथे शहापूर आणि मुरबाड या तालुक्याच्या ठिकाणांची स्थिती विचित्र आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड तालुक्यातली 77 गावे 1985 च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण खनिज आणि बाजार यांबाबत वजन दिले; राज्याने त्याचे नियम 2014 मध्ये केले. मात्र गाव वाढले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, की ग्रामसभा संपते. मतदाराच्या हाती पाच वर्षांतून एक मत उरते. राज्याच्या कायद्यात 2009 मध्ये नागरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद आली, पण ती प्रत्यक्षात रुजली नाही. त्यातही, नागरी संस्थांची घटनात्मक तरतूद अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, संसदेने तसा कायदा करावा लागतो, असे संविधानाचा अनुच्छेद 243 झेडसी सांगतो. त्यासाठीचे विधेयक 2001 मध्ये राज्यसभेत आले आणि तिथेच राहिले. म्हणजे आदिवासी तालुक्याचे ठिकाण असलेले शहापूर शहर झाले, पण त्या शहरात आदिवासीचा हक्क कसा राखायचा हे पाव शतक उलटूनही कोणी ठरवलेले नाही. बाजारपेठ त्याच माणसावर चालते, एसटी स्थानक आणि रुग्णालय त्याच्याच गर्दीने भरते, आणि आराखड्याच्या बैठकीत त्याला जागा नाही.

हे आता तातडीचे झाले आहे, कारण दोन्ही तालुके बदलाच्या तोंडावर आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि शहापूर थेट नागपूरच्या वाटेवर आले. कल्याण-मुरबाड रेल्वेची मंजुरी जुनी आहे, रूळ यायचे आहेत, आणि जमिनीचे भाव मात्र रुळांच्या आधी पोहोचले आहेत. बाहेरचे भांडवल आल्याशिवाय गावे सुधारणार कशी आणि शेतकरी स्वतःच जमीन विकतो त्याला काय करणार, असे विचारले जाते. समृद्धीच्या वेळी शहापूरच्या शेतकऱ्यांनी जमीन एकत्रीकरणाला विरोध केला, त्यानंतर थेट खरेदीचा मार्ग आला आणि भाव वाढला. लोक बोलले म्हणून व्यवहार सुधारला, रस्ता अडला नाही. पण तो मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळाला. वनातली दळी जमीन कसणाऱ्याला, गुरे चारणाऱ्याला, हंगामी मजुराला खरेदीखतात स्थान नव्हते. भांडवल यावे, पण कोणाची जागा जाणार आणि कोणाला रोजगार मिळणार हे आधी ठरलेले असावे. कल्याण बंदराचा माल सातवाहनकाळात याच मुलखातून नाणेघाट चढून जुन्नरला जाई आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा मानला जातो. वाटेवरच्या मुलखाला काही देणे लागते ही जाण त्या काळातही असावी.

लोकांना विचारत बसलो तर कामे रखडतात, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. काळू धरणाचा इतिहास त्याच्या उलट आहे. मुरबाड तालुक्यात महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी या धरणाचे काम सुमारे हजार हेक्टर वनजमीन बुडणार असताना वनपरवानगीविना सुरू झाले आणि श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते थांबवले. ग्रामसभेला टाळून वेळ वाचला नाही. दशकाहून अधिक काळ आणि झालेला खर्च वाया गेला. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार दावे आधी निकाली काढले असते, गावांशी आधी बोलणे झाले असते, तर होकार मिळाला असता किंवा नकार, पण तो पहिल्याच वर्षी मिळाला असता. आता काळू पुन्हा चर्चेत आहे. त्याचा एकही नवा कागद हलण्यापूर्वी बुडीत गावांच्या ग्रामसभांचे ठराव घेतले जावेत. शहापूर आणि मुरबाडच्या विकास आराखड्यांच्या मसुद्याआधी प्रभागांत आणि भोवतालच्या पाड्यांवर सभा व्हाव्यात, त्यांचे इतिवृत्त मराठीत भिंतीवर लावले जावे. आणि भातशाच्या पाणी आरक्षणाच्या आदेशात शहापूर तालुक्याच्या पिण्याच्या पाण्याचा वाटा पहिल्या ओळीत, पाणी वर चढवण्याच्या वीजखर्चाच्या तरतुदीसह लिहिला जावा. त्या खर्चाचा बोजा हे पाणी वापरणाऱ्या महापालिकांनी उचलावा.