डाळीत पाणी

गेल्या शुक्रवारी जेवताना अम्मींनी (माझ्या सासूबाई) वाटीत चमचा फिरवत विचारलं, "बेटी, आजकल दाल में पानी जास्ती हो रा क्या?" मी हसून वेळ मारून नेली. पण त्यांचं बरोबर होतं. सहा माणसांना पूर्वी दोन वाट्या तूरडाळ लागायची. आता मी सव्वा वाटी घेते, भोपळ्याच्या चार फोडी टाकते आणि चिंच जरा जास्त घालते. आमच्याकडे खट्टी दाल आवडीनं खातात, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुसलमानांच्या घरी रोज गोश्त शिजतं, असं माझ्या काही सहकाऱ्यांना आजही वाटतं. त्यांनी एकदा देवगाव रंगारीतल्या आमच्या गल्लीत यावं. जुम्म्याचं मटण कधीच महिन्यावर गेलं. दालच्यात हाडं पडत नाहीत, नुसती दुधी असते. त्याला आम्ही अजून दालचाच म्हणतो, ही गोष्ट वेगळी.

तेलाचं तर विचारूच नका. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्रानं आयात तेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर ते सेससकट ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. कारण सांगितलं सोयाबीनच्या शेतकऱ्याचं, आणि त्याला भाव मिळाला असता तर मी तक्रार केली नसती. माझे निम्मे पालक शेतकरी आहेत. पण त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती काही लागलं नाही आणि त्याच्याच बायकोला तेल महाग घ्यावं लागलं. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क कमी केलं, पण तोवर आमच्याकडे डब्याऐवजी एकेक लिटरची पिशवी आणायची सवय लागून गेली होती. पुऱ्या आणि भजी आता रमजानपुरती.

उपाशी कुणी नाही, हे मान्य. रेशनवर गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो आणि त्याचा खरोखर आधार आहे. पण त्यामुळे पोट भातानं भरतं. डाळ, तेल, अंडं, फळ दुकानातून आणावं लागतं, आणि हात आखडला की आधी तेच सुटतं. घरात सगळ्यात आधी कुणाच्या ताटातून सुटतं, हे बायकांना विचारायची गरज नाही.

त्या जागी काय येतं, ते मी रोज वर्गात पाहते. पाच रुपयांचं पाकीट! सरकारच्या २०२२-२३ च्या खर्च पाहणीतही हेच दिसतं: खेड्यातलं कुटुंब एकूण खर्चातले ९.६ टक्के पेयं आणि तयार खाण्यावर घालवतं, धान्यावर पाचसुद्धा नाही. एका विद्यार्थिनीच्या आईला मी यावरून बोलले. ती कापूस वेचून थेट शाळेत आली होती. म्हणाली, "मॅडम, अंडं सात रुपयांना झालंय. घरात तीन पोरं. एकाला देऊ न् दोघांना बघायला लावू का?" पाकिटाची किंमत पाचच राहते, आतला माल कमी होतो, हे तिलाही ठाऊक होतं. मला उत्तर सुचलं नाही.

म्हणूनच शालेय पोषण आहारातलं अंडं माझ्या लेखी किरकोळ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते आठवड्यातून एकदा सुरू झालं. न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. अंडं खावं की खाऊ नये यावर तावातावानं वाद झाले. ज्याला नको त्याला केळं होतंच. मग भांडण कशाचं होतं?

आणि लोकसहभाग म्हणजे कोण? ती वेचणीवरून आलेली आईच ना? २०२२ च्या दिवाळीत याच सरकारी यंत्रणेनं शंभर रुपयांत किलोभर चणाडाळ, रवा, साखर आणि लिटरभर पामतेल घरोघरी पोचवलं होतं. सणाला जमतं, ते महिन्याला डाळ-तेलापुरतं का जमू नये? पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळेत रोज २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. सुट्टीनंतरच्या सोमवारी खिचडीची रांग नेहमीपेक्षा लवकर लागते.