जळालेल्या पेटीतले कागद

मा. जिल्हाधिकारी, लातूर यांस,



जळकोट तालुक्यातल्या एका तांड्यावर मागच्या ऊसतोडीच्या दिवसांत एक घर जळालं. मुलगा आणि सून कारखान्यावर गेलेले, घरी फक्त आजी आणि नात. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा राखेतून अजून धग येत होती आणि आजी विळ्यानं लोखंडी पेटीचं झाकण उचकटत होती. रेशनकार्ड, आधार, पासबुक, नातीची दहावीची गुणपत्रिका, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं. पिशवी वितळून सगळ्याचा काळा गोळा झाला होता. सोयाबीनचे कट्टे गेले, शेळ्या गेल्या, हे तिनं मुकाट सांगितलं. गोळा हातात आल्यावर मात्र म्हणाली, "आता आमी हितलेच हाव म्हनून कोन म्हनंल?"

साहेब, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. संकटात माणसाच्या पाठीशी कसं उभं राहायचं, हे या जिल्ह्याच्या प्रशासनाला कुणी शिकवायला नको. पण भूकंपात सगळ्या गावाचं एकच दुःख असतं. आगीत शेजारच्या घरी चूल पेटलेली असते आणि एकच घर उघड्यावर येतं. मग त्या घरानं एकट्यानं तलाठ्याकडे, तहसीलला, बँकेत, लातूरच्या बोर्डात खेटे घालायचे. एकेका खेट्याला एक रोज बुडतो.

मदतीचे नियम आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आग ही आपत्ती धरलेली आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण नष्ट झालेल्या घराला, मग ते कच्चं का असेना, १ लाख २० हजार रुपये मिळतात. झोपडीला मिळतात ८ हजार. कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००. म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पत्रे असलेल्या घरापुढं पंचनाम्यात 'कच्चे घर' लिहिलं की 'झोपडी', यावर त्या कुटुंबाचं पुढचं सगळं ठरतं. शिवाय बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. तो कागद असलाच, तर पेटीतच होता. पंचनाम्यावर अंगठा देणाऱ्या आजीला यातलं काहीच कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

आग गॅसची असेल तर तेल कंपन्यांचा विमा असतो, ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता पडत नाही. हे सांगणारंही कुणी भेटत नाही.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. घर जळालं की आठ दिवसांच्या आत तलाठी, ग्रामसेवक, पुरवठा विभागाचा माणूस आणि आधारचं यंत्र एकाच दिवशी त्या अंगणात यावं. पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवावा आणि मगच अंगठा घ्यावा. त्याची एक प्रत घरच्यांच्या हातात द्यावी, आणि दुसरे कागद काढताना तीच पुरावा म्हणून चालेल असा लेखी आदेश आपण काढावा. म्हणजे प्रत्येक खिडकीवर नवं प्रतिज्ञापत्र करायची पाळी येणार नाही.

ती नात यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगला जायचंय, आणि प्रवेशाच्या वेळी दहावीची गुणपत्रिका मागतील. आजीनं तो काळा गोळा अजून टाकलेला नाही, शेजारणीनं दिलेल्या डब्यात जपून ठेवलाय.

आपला,
जळकोट तालुक्यातला एक रहिवासी