विश्लेषण : दारूचे व्यसन खरेच ‘रक्तात’ असते का? व्यसनमुक्ती उपचारांचा उपयोग किती?

‘बाप प्यायचा, आता मुलगाही प्यायला लागला. त्यांच्या रक्तातच आहे ते!’ हे वाक्य गावात काय किंवा शहरातल्या सोसायटीत काय, सगळीकडे ऐकायला मिळते. लग्न जुळवताना तर ते हमखास निघते. त्याच्या जोडीला दुसरे वाक्य असते, ‘केंद्रात ठेवून काही होत नाही, बाहेर आला की पुन्हा सुरू.’ दोन्ही वाक्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण ती एकत्र आली की ‘उपचार करून उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तो मात्र पुराव्याला धरून नाही. आनुवंशिकतेबद्दल आणि व्यसनमुक्ती कार्यक्रमांबद्दल संशोधन नेमके काय सांगते, याचा आढावा.

भारतात व्यसनाधीन किती?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. मात्र सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूमुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे आणि त्यातील जवळपास तीन कोटी लोक दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. याच सर्वेक्षणातील सर्वांत गंभीर आकडा उपचारांचा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या तरी प्रकारचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात किंवा केंद्रात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एकच होता.

आनुवंशिकतेचा पुरावा कोठून आला?

व्यसनी माणसाचा मुलगा व्यसनी झाला तर त्याला बापाची जनुके मिळाली म्हणून की लहानपणापासून घरात बाटली पाहिली म्हणून, हे एका घराकडे पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी दत्तक मुलांचा अभ्यास उपयोगी पडतो. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर काही आठवड्यांतच जन्मदात्यांपासून दूर झालेल्या आणि दुसऱ्या घरी वाढलेल्या या मुलांपैकी, ज्यांचे जन्मदाते व्यसनी होते त्यांच्यात मद्यपाश १८ टक्के आढळला. इतर दत्तक मुलांत तो पाच टक्के होता. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांतूनही हाच कल दिसला. शंभर टक्के समान जनुके असलेल्या एकसारख्या जुळ्यांत दोघेही व्यसनी असण्याची शक्यता इतर जुळ्यांपेक्षा अधिक आढळते. या सर्व अभ्यासांचा मेळ घातला तर दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५० टक्के निघतो.

‘५० टक्के आनुवंशिक’ म्हणजे काय?

येथेच सर्वाधिक गैरसमज होतो. याचा अर्थ व्यसनी माणसाच्या दोन मुलांपैकी एक व्यसनी होणार, असा नाही. हा आकडा एका व्यक्तीबद्दल नसून लोकसमूहाबद्दल आहे. समाजात काही जण व्यसनी होतात, काही होत नाहीत; या फरकापैकी साधारण निम्मा फरक जनुकांमुळे असतो, एवढेच तो सांगतो. डेन्मार्कच्या अभ्यासाकडे उलट बाजूने पाहिले तर जन्मदाते व्यसनी असूनही १०० पैकी ८२ मुलगे मद्यपाशात अडकले नाहीत. धोका तिपटीहून अधिक वाढला हे खरे, पण बहुसंख्य मुले सुटली हेही तितकेच खरे.

‘दारूचे जनुक’ सापडले आहे का?

नाही. मेंदूतील डोपामाइनशी संबंधित एका जनुकाचा मद्यपाशाशी घट्ट संबंध असल्याचा दावा १९९० मध्ये झाला तेव्हा त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली. मात्र त्याच वर्षी दुसऱ्या गटाला तो संबंध आढळला नाही. २०२३ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घातक मद्यपानाशी संबंधित ११० जनुकीय ठिकाणे आढळली. यातील प्रत्येकाचा परिणाम अगदी किंचित असतो. त्यामुळे लाळेचा नमुना घेऊन ‘तुमचे मूल व्यसनी होईल का’ हे सांगणाऱ्या चाचणीवर आज विसंबता येत नाही.

ज्यांचे काम नीट समजले आहे ती जनुके यकृतात दारूचे विघटन करणाऱ्या विकरांची आहेत. दारूचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर होते. चीन, जपान, कोरिया येथील अनेकांत दुसऱ्या टप्प्याचे विकर जन्मतःच दुबळे असते. थोडी प्यायली तरी चेहरा लाल होतो, मळमळते, धडधडते. साहजिकच असे लोक व्यसनाकडे कमी वळतात. हे नैसर्गिक कवच भारतात क्वचितच आढळते. दुसरीकडे अमेरिकेतील मार्क शुकिट यांच्या दीर्घ अभ्यासात असे दिसले की, व्यसनी वडिलांच्या अनेक मुलांना तेवढ्याच दारूची नशा कमी चढते. अशा तरुणांना पुढे व्यसन जडण्याचा धोका अधिक होता. ‘मला काही होत नाही, मी पचवतो’ ही मित्रांतील फुशारकी म्हणजे प्रत्यक्षात धोक्याची खूण असू शकते.

मग परिस्थितीचा वाटा किती?

ज्या गावात दारूच पोहोचलेली नाही, तेथे सर्वाधिक आनुवंशिक धोका असलेला माणूसही व्यसनी होणार नाही. फिनलंडमधील किशोरवयीन जुळ्यांच्या अभ्यासात, ज्या भागांत दारूविक्री, स्थलांतर आणि तरुणांची संख्या जास्त, तेथे जनुकांचा प्रभावही जास्त दिसला. म्हणजे जनुके तीच, पण मोकळीक मिळाली की ती डोके वर काढतात. सुरुवातीचे वय हाही महत्त्वाचा घटक आहे. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणात १५ वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के जण पुढे कधी ना कधी तिच्यावर अवलंबून झाले होते. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर पिणाऱ्यांच्या घरची परिस्थितीही अनेकदा वेगळी असते, त्यामुळे सगळा दोष वयाला देता येत नाही. तरीही गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’चे मतदान मागणाऱ्या महिलांचा अनुभव आणि हे संशोधन एकाच दिशेला बोट दाखवतात.

व्यसनमुक्ती कार्यक्रमांबद्दल शंका का?

शंकेची तीन कारणे आहेत. पहिले, यशाचे दावे. ‘९० टक्के रुग्ण बरे’ असे फलक लावणारी केंद्रे हे प्रमाण किती महिन्यांनंतर मोजले आणि मध्येच सोडून गेलेल्यांना धरले की नाही, हे सांगत नाहीत. शिवाय तुलना कोणाशी? अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पूर्वी दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी फक्त २५ टक्के जण गेल्या वर्षभरातही तसेच होते. आणि एकूण चौघांपैकी एकानेच कधी उपचार घेतले होते. म्हणजे काही जण उपचारांशिवायही सावरतात आणि त्यांचे श्रेय केंद्राच्या खात्यात जमा होऊ शकते.

दुसरे, स्वतःहून होणारी निवड. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अर्थात ‘एए’च्या बैठकांना वर्षानुवर्षे येणारे लोक दारूपासून दूर दिसतात. पण ज्यांचा निश्चय आधीच पक्का तेच टिकून येतात, असा आक्षेप घेतला जातो. तिसरे कारण भारतात अधिक जाणवते. डॉक्टर नसलेली, रुग्णांना कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी खासगी केंद्रे वेळोवेळी उघडकीस आली आहेत.

पुरावा काय सांगतो?

उपचार निवडण्याचे काम रुग्णावर न सोपवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले तर स्वतःहून होणाऱ्या निवडीचा आक्षेप बराचसा दूर होतो. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २००६ मध्ये अशा चाचण्या तपासल्या तेव्हा ‘एए’च्या बाजूने ठाम पुरावा मिळाला नव्हता. २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक रुग्ण तपासल्यावर चित्र बदलले. वर्षभरानंतर दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण ‘एए’शी जोडून देणाऱ्या उपचारांत सुमारे ४२ टक्के, तर इतर मानसोपचारांत ३५ टक्के होते. फरक आहे, पण चमत्कार नाही. इतर उपचारांतही तिघांपैकी एक जण टिकला, हेही लक्षात घ्यायला हवे.

आपल्याकडचा महत्त्वाचा पुरावा गोव्यातील आहे. ‘संगत’ संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एक ते चार वेळा संवाद साधला. तीन महिन्यांनी मागील दोन आठवड्यांत दारूला न शिवलेले समुपदेशन गटात ४२ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ टक्के. हे रुग्ण घातक पातळीवर पिणारे होते, पूर्ण व्यसनाधीन नव्हते. म्हणजे लवकर गाठले तर केंद्रात दाखल न करताही फरक पडतो.

औषधांनी दारू सुटते का?

नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे ओढ कमी करण्यासाठी दिली जातात. ११८ चाचण्यांच्या २०२३ मधील आढाव्यानुसार, अ‍ॅकॅम्प्रोसेट दिलेल्या दर ११ रुग्णांमागे एक जण औषधामुळे पुन्हा पिण्यापासून वाचला. नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्यांसाठी हा आकडा १८ होता. डायसल्फिराम हे जुने औषध मात्र वेगळे आहे. ते अ‍ॅसिटाल्डिहाइडचे विघटन रोखते आणि वर दारू प्यायल्यास तीव्र त्रास होतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. भाजीत नकळत मिसळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या निनावी पावडरी जिवावर बेतू शकतात.

पुन्हा प्यायला, म्हणजे उपचार फसले का?

२००० साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात व्यसनांची तुलना इतर दीर्घकालीन आजारांशी करण्यात आली. व्यसनांत आजार उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के, तर उच्च रक्तदाब आणि दम्यात ५० ते ७० टक्के होते. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून कोणी गोळ्या निरुपयोगी ठरवत नाही. डोस बदलतो, पथ्य तपासतो. दारूबाबत मात्र महिनाभर केंद्रात ठेवणे म्हणजेच संपूर्ण उपचार, असे मानले जाते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी कुटुंबाचा सहभाग आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा यांवर भर दिला तो याचसाठी.

कुटुंबांनी काय पाहावे?

रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम बंद करू नये. हात थरथरणे, झटके, भ्रम अशी लक्षणे दिसू शकतात आणि ती जीवघेणीही ठरतात. आधी डॉक्टरांचा सल्ला हवा. केंद्र निवडताना ते २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, मनोविकारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का आणि सुट्टी झाल्यानंतर किती महिने पाठपुरावा होतो, हे विचारावे. रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने बंदी आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकांवर मोफत आहे.

घरात व्यसनाचा इतिहास असेल तर मुलांपासून तो लपवण्याऐवजी, मधुमेहाचा सांगतात तसा वेळेत सांगणे हिताचे. पहिला घोट जितका लांबेल तितके बरे. जनुके बदलता येत नाहीत. ३८ जणांपैकी एकालाच उपचार मिळतात, ही परिस्थिती मात्र बदलता येते.