दोन दिवसांची मुंबई: स्वस्त खोली शोधण्याआधी रेल्वेचा नकाशा उघडा

'मुंबईत दोन दिवस' असं मोबाइलवर शोधलं की गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू आणि कुलाब्यातल्या कॅफेंची यादी समोर येते. पण परभणी, जालना, सांगली किंवा गोंदियाहून रात्रीच्या गाडीत बसणारे अनेक जण फिरायला निघालेले नसतात. कुणाची ऑनलाइन परीक्षा असते, कुणाची मुलाखत, कुणाचं मंत्रालयात अडकलेलं काम, तर कुणाच्या घरच्या माणसाची टाटा रुग्णालयातली तारीख. त्यांच्यासाठी 'राहायचं कुठे' हा हौसेचा प्रश्न नसतो. जागा चुकली की काम चुकतं.

माझं जवळजवळ चुकलंच होतं. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ऐरोलीत मुलाखत होती, सकाळी नऊला. मी आणि बाबा देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. ॲपवर सगळ्यात स्वस्त दिसली म्हणून सीएसएमटीजवळच्या एका लॉजमध्ये खोली बुक केली होती. सातच्या सुमारास पोहोचलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "चेक-इन बारा वाजता. आत्ता हवी असेल तर अर्ध्या दिवसाचे जादा पैसे." बाबांनी हुज्जत घातली नाही आणि पैसेही दिले नाहीत. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, कपडे बदलले आणि लोकलने ठाण्याला आलो. हेच ठाणे आम्ही पहाटे झोपेत मागे टाकलं होतं! देवगिरी तिथे थांबते आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली काही मिनिटांवर आहे. मुलाखतीला वीस मिनिटं उशिरा पोहोचले. बसू दिलं, पण सुरुवातीला मी काय उत्तरं दिली ते आजही आठवत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. मुंबईत खोली भाड्यावरून किंवा फोटोंवरून निवडू नये. सकाळी जिथे पोहोचायचं आहे, त्या पत्त्यावरून निवडावी.

आधी पत्ता, मग खोली

मुंबई दक्षिणोत्तर उभी आहे आणि तिची रेल्वेही तशीच. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट, दादर, अंधेरी, बोरिवली. मध्य रेल्वेवर सीएसएमटी, दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण. हार्बर लाइन वाशी-पनवेलकडे जाते. नकाशावर मुलुंड आणि गोरेगाव शेजारी-शेजारी वाटतात, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. रेल्वेने जायचं तर दादरपर्यंत खाली येऊन पुन्हा वर जावं लागतं. खोली आणि काम एकाच लाइनवर असेल तर निम्मी मुंबई सोपी होते.

दुसरी गोष्ट दिशेची. सकाळी गर्दीचा मुख्य लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येतो. दक्षिणेला राहून उत्तरेकडे जाणाऱ्याला बॅग घेऊन लोकलमध्ये शिरता तरी येतं. उलट केलंत तर सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये मुंबईकरही तुमच्यासाठी काही करू शकत नाही. (अंधेरी आणि घाटकोपर मात्र हा नियम मानत नाहीत. तिथे दोन्हीकडून गर्दी असते.)

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो-३ पूर्ण सुरू झाली आणि गणित बदललं. सीएसएमटी, दादर, बीकेसी, विमानतळ, सीप्झ ही सगळी ठिकाणं एका मार्गावर आली. बीकेसीत व्हिसाची मुलाखत असेल तर तिथल्या महागड्या हॉटेलांकडे बघायचं कारण उरलेलं नाही. कुठे काम निघेल याचा अंदाज नसेल, तर डोळे झाकून दादर. मध्य, पश्चिम आणि मेट्रो तिन्ही हाताशी, शिवाय बाहेरगावच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात.

न झोपलेल्या खोलीचं भाडं

देवगिरी, महालक्ष्मी, विदर्भ या गाड्या सकाळी पोहोचतात आणि लॉजचं चेक-इन दुपारी. बुकिंगआधी फोन करून 'चेक-इन किती वाजता, की चोवीस तासांचा हिशेब?' एवढं विचारा. ॲपवरचं 'स्टेशनपासून ५ मिनिटं' कोणत्या स्टेशनपासून, हेही विचारा.

आंघोळ आणि दोन तासांची झोप एवढंच हवं असेल, तर रेल्वेची रिटायरिंग रूम हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून ती तासांच्या हिशेबाने मिळते. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये ४८ पॉडचं हॉटेल सुरू झालं, तेव्हा १२ तासांचा दर ९९९ रुपये होता. खासगी लॉजना असा बारा तासांचा दर ठेवायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

बिलही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ नव्हे, ५ टक्के आहे.

रुग्णाला घेऊन येत असाल तर लॉज शोधण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा रुग्ण आणि नातेवाइकांसाठीच आहेत. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण पहिल्याच दिवशी विचारलेलं बरं.

आणि जेवायचं?

जेवणासाठी शहर ओलांडू नका, एवढंच. रील बघून बोरिवलीहून कुलाब्याला जाणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं. दादरला असाल तर 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पीयूष, किंवा शिवसेना भवनासमोरच्या 'आस्वाद'ची मिसळ. दोन्हीकडे रविवारी सकाळी रांग असते, आडवारी दुपारी चारला जा. माटुंगा स्टेशनला लागून रामा नायक यांचं उडुपी आहे, केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळतं. सीएसएमटीसमोर 'आराम'चा वडापाव. धोबीतलावला १९०४ सालचं 'कयानी', तिथे ब्रुन मस्का आणि चहावर सकाळ निघते.

पण या प्रसिद्ध नावांपेक्षा मला पोळी-भाजी केंद्रं जास्त महत्त्वाची वाटतात. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत. मोजून पोळ्या, पाव किलो भाजी, वरण, सगळं पार्सल. परीक्षेच्या आदल्या रात्री पोट बिघडू नये किंवा रुग्णाला तेलकट नको, तेव्हा याहून चांगली सोय नाही.

पुढच्या आठवड्यात माझी मावसबहीण परीक्षेला येतेय. केंद्र मीरा रोडला. मावशीने सवयीने सीएसएमटीचं तिकीट काढायला सांगितलं होतं. मी ते रद्द करून बोरिवलीपर्यंत जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचं काढलं, आणि लॉजवाल्याला फोन करून सकाळी सहाचं चेक-इन मेसेजवर लिहून घेतलं.