एका दिवसाचा पोशाख

वस्त्र देहरक्षणासाठी असते, शोभेसाठी असते आणि काही अंशी ओळखीसाठीही असते. अग्निशमन दलाच्या जवानाचा गणवेश त्याच्या कामातून घडलेला असल्याने त्याविषयी कोणाची तक्रार नसते. परंतु हवामान, सोय आणि खिसा यांचा विचार न करता केवळ 'पद्धत आहे' म्हणून पोशाख लादला जातो, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी नेसल्याच्या कारणावरून चेन्नईतील एका क्लबमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने असे निर्बंध बेकायदा ठरविणारा कायदा संमत केला. पदवीदान समारंभातील काळा झगा हेही असेच एक ओझे. एप्रिल २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळ येथील समारंभात तो अंगावरून उतरविला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना स्थानिक परंपरेनुसार पोशाख ठरविण्यास सांगितले. रूढी बदलता येतात, हे यावरून स्पष्ट होते.

घरगुती समारंभांत मात्र नव्या सक्ती रुजत आहेत. हळदीला पिवळा, संगीताला वेगळा, स्वागत समारंभाला आणखी निराळा रंग निमंत्रितांनाही कळविला जातो. येथे व्यापाराचे गणित समजून घ्यावे. तारीख ठरलेली असल्याने ग्राहकाला चार दुकाने फिरण्यास सवड नसते. वस्त्र पुन्हा वापरावयाचे नसल्याने टिकाऊपणाची कसोटी लागत नाही. 'आयुष्यात एकदाच' या शब्दांपुढे घासाघीसही लाजते. सक्ती जितकी कडक, तितका विक्रेत्याचा हात वरचढ.

समजा, ३०,००० रुपयांच्या पोशाखासाठी वार्षिक १२ टक्के दराने एक वर्षाचे कर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,६६५ रुपये आणि एकूण परतफेड जवळपास ३२,००० रुपये होते. चार तासांच्या मिरवणुकीसाठी बारा महिन्यांचे हप्ते! उलट तेवढ्याच किमतीची पैठणी आईकडून लेकीकडे जाते आणि प्रत्येक सणाला तिची किंमत वसूल होत राहते. महाग काय आणि स्वस्त काय, हे किमतीच्या चिठ्ठीवरून नव्हे, तर ते किती वेळा अंगाला लागले यावरून ठरवावे.

हौसेला आमचा विरोध नाही. मात्र हौस आपली आणि खर्च पाहुण्यांचा, असे होऊ नये. निमंत्रणपत्रिकेतील रंगाची अट गाळली, तर कितीतरी निमंत्रित मोकळ्या मनाने येतील. बँकेच्या खिडकीपाशी धोतर, लुंगी, सफारी आणि कामाचे मळके कपडे एकाच रांगेत उभे असतात व पावती सर्वांना सारखीच मिळते. मांडवाच्या दारातही माणसाचे स्वागत त्याच्या कपड्यांवरून न व्हावे, एवढीच अपेक्षा.