दुर्मिळ रंगाची मृगया

आजच्या मुलांच्या मृगयेस अरण्य लागत नाहीं. पोकेमॉन नांवाच्या जपानी व्हिडिओ-खेळांत काल्पनिक प्राणी हुडकून ते पदरीं बाळगावयाचे असतात. हा खेळ 1996 सालीं जपानांत निघाला. पुढें 1999 च्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या आवृत्त्यांत एक नवल आलें: नेहमींचाच प्राणी क्वचित् निराळ्या रंगाचा भेटूं लागला. त्यास मुलें 'शायनी' म्हणतात. केवळ रंगामुळें त्याचें बळ वाढत नाहीं. तरी त्याच्यासाठीं मुलें रात्री जागवितात.

वडील माणसांनीं यास हंसूं नये. आमच्या सुलतानपूराजवळील लोणारचें सरोवर 2020 च्या जूनमध्यें गुलाबी झालें, तेव्हां त्याची वार्ता देशभर गेली. एरवींच्या हिरवट पाण्याची वार्ता कोण देतो?

काळजी आहे ती निराळीच. सुटींत येथें आलेला आमचा नातू म्हणाला, "आजोबा, चार हजार वेळां शोधलें. आतां तो यायलाच हवा. आतां सोडलें तर सगळें फुकट!" वाचकहो, हीच द्यूतकाराची भाषा होय.

या खेळाच्या मुख्य आवृत्त्यांत पूर्वीं 8192 भेटींत एक असें शायनीचें प्रमाण होतें. 2013 पासून तें 4096 भेटींत एक असें झालें. परंतु हा आंकडा म्हणजे वचनचिठ्ठी नव्हे. साध्या शोधांत यंत्र मागील भेटी ध्यानांत ठेवीत नाहीं. प्रत्येक भेट हा नवा फांसा असतो. म्हणून 4096 भेटी पुऱ्या करूनही शंभरांतील सुमारें 37 जण रिक्तहस्तच राहतात, आणि त्यांस पुढचा मार्ग पहिल्या दिवसाइतकाच लांब असतो. एका भेटीस अर्धें मिनिट धरलें, तरी तेवढ्यांत 34 तास खर्चीं पडतात.

वनपर्वांतील नलाख्यान येथें आठवतें. ऋतुपर्ण राजानें बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें धांवत्या रथांतून अचूक सांगितलीं. नलानें तीं मोजून पाहिलीं आणि त्याजकडून अक्षविद्या घेतली. ती विद्या मिळतांच नलाच्या देहांत दडलेला कलि बाहेर पडला. फांशांच्या मोहावर उतारा आहे तो गणिताचा, असा याचा अर्थ आम्हांस वाटतो.

म्हणून यंत्र हिसकावून घेण्यापेक्षां मुलाच्या हातीं नाणें द्यावें. तें पुष्कळदां उडवून छापा-कांटा लिहून ठेवावयास सांगावें. लागोपाठ पांच छापे पडल्यावरही सहाव्या वेळीं कांट्याचा हक्क वाढत नाहीं, हें त्यास आपोआप दिसूं लागतें. मग खेळण्याची मर्यादा आरंभींच ठरवावी; भर शोधांत ती ठरत नसते.

आमच्या नातवानें रोजच्या साठ भेटींची वही घातली आहे. शायनी अद्याप भेटलेला नाहीं. पण साठावी रेघ ओढली कीं तो यंत्र ठेवून पानावर येऊन बसतो.