मगरिबची पंधरा मिनिटं
खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक संच आहे; रमजान आला म्हणून बॉयलर थंड होत नाही. 2018 साली हा महिना ऐन मे-जूनमध्ये आला होता. नागपूरकडचं ते ऊन, त्यात भट्टीजवळची धग आणि घशाखाली पाण्याचा थेंब नाही! चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून सध्या जरा सुसह्य. पण दुपारपाळीतला रोजेदार मगरिबच्या वेळी, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायच्या घटकेला, पॅनलसमोरच अडकलेला असतो. डब्यातला खजूर अन् पाण्याची बाटली, वेळ तो किती लागणार? तेवढी पंधरा मिनिटं शेजारच्यानं खुर्ची सांभाळावी. साहेबांनीही अंगमेहनतीची कामं सकाळीच उरकून घ्यावीत, पाळी बदलून मागितली तर कपाळाला आठ्या घालू नयेत. आणि सहरीसाठी पहाटे उठलेल्याच्या गळ्यात रात्रीचा ओव्हरटाइम तर मुळीच मारू नये.